सतरा नंबरचा दुजोरा

बाईंचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. तीस वर्षांत त्याने अर्ध्या शहराची तोंडं उघडून पाहिली, पण घरातलं एक तोंड काही त्याला उघडता आलं नाही. बायको सकाळी डबा घेऊन जाते, सहाला परत येते आणि मधल्या वेळात काय करते असं विचारलं की "कागद साफ करते" एवढंच सांगते. सुरुवातीला तो चिडला, मग रुसला, शेवटी त्याने चेष्टेवर नेलं. घरी कुणी आलं की सांगायचा, "आमची ही सरकारी कागद धुऊन वाळत घालते." बाई हसायच्या आणि आत निघून जायच्या. त्याचं म्हणणं तसं फारसं चुकीचं नव्हतं.

देश राखणारी दोन खाती होती. एक समुद्र सांभाळायचं, दुसरं जमिनीची हद्द. दोघांचं काम एक, शत्रू एक आणि प्रेम मात्र सवती-सवतींचं. बंदरात, बाजारात, गोदामांत दोघांनीही आपापली माणसं पेरलेली, आणि त्या माणसांची नावं कुणी कुणाला सांगायला तयार नव्हतं. समुद्रवाले म्हणत, हद्दवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. हद्दवालेही समुद्रवाल्यांबद्दल अक्षरशः तेच म्हणत. गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. पूर्वी एकदा अशाच गप्पांतून एका खबऱ्याचं नाव या कानाचं त्या कानाला झालं आणि आठवड्याभरात त्याचं प्रेत मिळालं. त्यानंतर वरच्या लोकांनी दोन्ही खात्यांच्या मध्ये एक खोली टाकली.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दारावर नुसतं 'नोंदणी'. आत दोन टेबलं, त्यांच्या मध्ये खांद्याइतकी लाकडी भिंत आणि तिच्यावर धुरकट काच. अलीकडच्या टेबलावर समुद्र खात्याचे कागद यायचे, पलीकडच्या टेबलावर हद्द खात्याचे. खबऱ्याने जे लिहून पाठवलं ते वाचायचं, त्यातून लिहिणारा ओळखू येईल असं सगळं काढून टाकायचं, आणि उरलेली बातमी कोरड्या भाषेत पुन्हा लिहायची. 'मी पेट्या उतरवत होतो तेव्हा' असं असलं तर 'पेट्या उतरवताना' एवढंही ठेवायचं नाही. 'माझ्या मेव्हण्याच्या दुकानासमोर' असेल तर 'बंदराजवळ' करायचं. कुणाला दर वाक्यात 'शपथेवर सांगतो' म्हणायची खोड असेल तर ती शपथही छाटायची. मूळ कागद लोखंडी कपाटात जायचा आणि साफ केलेला कागद साहेबांच्या खोलीत. साहेब दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून पाहायचे. एकच बातमी दोन वेगळ्या माणसांकडून आली, तर तिला म्हणायचं दुजोरा.

अलीकडच्या टेबलावर बाई एकोणीस वर्षं बसत होत्या. त्याआधी त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, म्हणून चुका शोधायला हात आणि डोळे तयार होते, आणि तोंडाला कुलूप तर जन्मजातच. खोलीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. पलीकडे बसणाऱ्या गृहस्थांना बाई 'पलीकडचे' म्हणत. दोघं रोज अकरा वाजता एकत्र चहा घ्यायचे आणि पलीकडच्यांच्या गुडघ्यांविषयी बोलायचे. त्या गुडघ्यांनी एकोणीस वर्षं संभाषण चालवलं. कागदांविषयी एक शब्द काढायचा नाही हा नियमच होता, आणि नियम नसता तरी दोघांनी काढला नसता. दोघंही नाकासमोर चालणारी माणसं.

नियम पाळला म्हणून माणूस दगड होत नाही. कागद वाचता वाचता लिहिणाऱ्याची ओळख होतेच, आणि जी ओळख पुसायची असते ती आधी नीट पाहावी लागते. बाईंना त्यांच्या खबऱ्यांचे फक्त नंबर ठाऊक होते, पण त्यातल्या सतरा नंबरला त्या अकरा वर्षं वाचत होत्या. बंदरातला कुणीतरी हमाल किंवा मुकादम असावा. अक्षर मोठं, गोलसर, आणि कागदाच्या शेवटी तो काहीतरी घरगुती लिहून जायचा. 'या वर्षी खोकला फार आहे.' 'भिंत पडली, परत बांधली.' खबऱ्याने असं लिहायचं नसतं, पण बिचाऱ्याला दुसरं कोण ऐकत असणार? बाई प्रत्येक वेळी ती ओळ वाचायच्या आणि मग कापायच्या. मागच्या हिवाळ्यात तो तेवीस दिवस गप्प होता. चोविसाव्या दिवशी कागद आला, तीन बोटींची नेहमीची माहिती, आणि खाली दोनच शब्द: 'आई गेली.' बाईंनी तेही कापले. त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "चेहरा का उतरलाय?" तर म्हणाल्या, "ऊन होतं." बाहेर थंडी मी म्हणत होती.

सतरा नंबरची एक खोड होती. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला दिसतो. हा गडी आपल्याच बाजूने मोजायचा आणि उजव्याला डावा लिहायचा. बाईंना हे पहिल्याच वर्षी कळलं. त्याने एका माणसाचा डावा कान कापलेला आहे असं लिहिलं, नंतर फोटो आला तर कापलेला उजवा. आणखी दोनदा असंच झालं. खरं म्हणजे बाईंचं काम काढण्याचं, सुधारण्याचं नव्हे. पण मुद्रितं तपासणाऱ्या बाईच्या डोळ्यांना ढळढळीत चूक सहन होते थोडीच? त्या गुपचूप डाव्याचा उजवा करून टाकत. अकरा वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

तर अशा या खोलीत एका मंगळवारी दुपारी बारा वाजता साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं. साहेब बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावाने सरळ, आणि गडबडीत असले की चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. आज चष्मा नाकावर होता.

"दुजोरा आलाय," ते म्हणाले. "एक बोट, चौदा माणसं, बारा लांबट जड पेट्या. दोन्हीकडून तंतोतंत. वरच्यांचं म्हणणं आहे की पेट्यांत शस्त्रं आहेत. चार वाजता हुकूम सुटेल. सह्या करा."

हुकूम म्हणजे काय हे तिघांनाही माहीत होतं. एका माणसाकडून बातमी आली तर बोटीवर नुसती नजर ठेवायची. दोन माणसांकडून आली तर बोट अडवायची, आणि थांबली नाही तर गोळी घालायची. दोन वर्षांपूर्वी अशीच एक बोट घाबरून पळू लागली होती. नऊ माणसं बुडाली, आणि पेट्यांत निघाले पंपांचे पाईप. त्या दुजोऱ्यावर या दोघांच्याच सह्या होत्या. पलीकडचे त्यानंतर महिनाभर गुडघ्यांबद्दल बोलले नव्हते.

बाईंनी दोन्ही साफ कागद शेजारी ठेवून वाचले. हा एकच प्रसंग असा असायचा जेव्हा पलीकडच्या टेबलाचं लिखाण त्यांच्या नजरेस पडायचं.

"एवढंच जुळत नाही," साहेब म्हणाले. "चौदापैकी एक जण लंगडा. तुमच्या कागदात उजवा पाय, यांच्या कागदात डावा. किरकोळ आहे, तो शब्द खोडून टाकू."

बाईंचा पेन हातात तसाच राहिला. त्यांच्या कागदावरचा उजवा पाय त्यांचा स्वतःचा होता. सतरा नंबरने 'डावा' लिहिलं होतं. तो समोरून पाहायचा, म्हणजे पाय उजवाच. मग पलीकडच्या खबऱ्यानेही डावा कसा लिहिला? दोन माणसं एकच खरी गोष्ट पाहू शकतात. पण दोघं एकच चूक, त्याच पायाच्या बाबतीत, त्याच दिवशी करतील?

"मला सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"कारण सांगता येणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, चार वाजता हुकूम आहे. पायावरून बोट थांबवू मी?"

"पायावरून नाही. मला वाटतं हे दुजोरे दोन नाहीत. एकच माणूस दोन्हीकडे लिहितोय."

पलीकडचे हळूच खुर्चीवर बसले. साहेब म्हणाले, "खात्री आहे?"

"संशय आहे. खात्री करायची तर मला यांना माझ्या माणसाची खूण सांगावी लागेल, आणि यांना त्यांच्या माणसाची मला. ती सांगणार नाही. शपथ घेतलीय."

"मीही नाही सांगणार," पलीकडचे म्हणाले.

म्हणजे पेच असा: बोलल्याशिवाय कळणार नाही, आणि बोललं तर ज्याच्यासाठी ही खोली बांधली तोच उघडा पडणार. न बोलता सही केली तर चौदा जीव एका माणसाच्या शब्दावर. साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग उगाचच खिडकीकडे. बाई मात्र शांतपणे विचार करत होत्या. छापखान्यात असताना त्या दोन प्रतींच्या पानांची बेरीज करून प्रती जुळतात की नाही ते बघायच्या, आत काय छापलंय ते न वाचता.

"साहेब, असं करू," त्या म्हणाल्या. "या वर्षभरात आपापला माणूस सगळ्यात जास्त किती दिवस गप्प होता, आणि कोणत्या तारखेला पुन्हा बोलला, हे आम्हा दोघांच्या वहीत आहे. ते आकडे आम्ही सलग लिहून एक मोठा आकडा करू. तो मी यांना दाखवणार नाही, हे मला दाखवणार नाहीत, तुम्हालाही कुणी दाखवणार नाही. आधी आम्ही दोघं बाहेर जाऊन भलताच एक आकडा ठरवतो. तो तुम्हाला कळणार नाही. प्रत्येकजण आपल्या आकड्यात तो मिळवेल आणि फक्त बेरीज तुमच्या हातात देईल. बेरजा सारख्या आल्या तर माणूस एक. वेगळ्या आल्या तर मी सही करते."

साहेब थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "म्हणजे मला आकडा दिसेल पण त्याचा अर्थ लागणार नाही."

"आणि आम्हाला अर्थ लागेल, पण एकमेकांचा आकडा दिसणार नाही."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. घाई आहे म्हणून सुचलं."

दोघं जिन्यात गेले. पलीकडच्यांनी एका पायरीवर बसून कागदाच्या कपट्यावर सहा आकडी संख्या लिहिली, बाईंनी ती बघितली, पाठ केली, आणि पलीकडच्यांनी कपटा चावून गिळला. बाई म्हणाल्या, "अहो, फाडला असता तरी चाललं असतं." पलीकडचे म्हणाले, "सुचलं नाही." एकोणीस वर्षांत ते बाईंशी गुडघ्यांपलीकडे बोलले ते हे पहिलंच.

दोघांनी आपापल्या टेबलावर वही उघडली. बाईंना वही उघडायची गरज नव्हती. तेवीस दिवस आणि ती तारीख त्यांच्या डोक्यात होतीच. तरी त्यांनी उघडली, दोनदा बेरीज केली आणि घडी घातलेला कागद साहेबांच्या हातात दिला. पलीकडच्यांनीही दिला. साहेबांनी दोन्ही कागद उलगडले, आणि त्यांचा चेहरा बघून बाईंना उत्तर कळलं.

"एकच आहे," साहेब म्हणाले.

पावणेतीनला दुजोरा मागे घेतला गेला. वरून विचारणा झाली, का? साहेबांना कारण देणं भाग होतं. त्यांनी कमीत कमी शब्दांत लिहिलं: 'दोन्ही बातम्यांचा उगम एकच.' नाव नाही, नंबर नाही, गाव नाही. बाईंनी तो कागद स्वतः तपासला, एक शब्द आणखी कापला आणि पुढे पाठवला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. घरी जाताना त्या दोन थांबे चालत गेल्या आणि नवऱ्यासाठी पेरू घेतले.

बोटीवर नजर ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती किनाऱ्याला लागली तेव्हा माणसं नुसती शिट्टी वाजवून थांबवली. चौदा गवंडी होते, परक्या मुलखातून बिनकागदपत्रांचे घरी परतत होते. पेट्यांत हत्यारं होती खरी: थाप्या, पहारी, ओळंबे. एक जण उजव्या पायाने लंगडत होता. सतरा नंबरने शस्त्रं असं कुठेच लिहिलं नव्हतं. त्याने लांबट जड पेट्या लिहिल्या होत्या आणि त्या तशाच होत्या. बाकीचं वरच्यांनी वरच्या वर जोडलं होतं. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा पलीकडच्यांनी तोंड धुवायला म्हणून बाहेर जाऊन बराच वेळ लावला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण बाईंच्या हातून एक चूक झाली होती. आणि चूकही कशी, तर आयुष्यभर झाकण्याचंच काम केलेल्या माणसाच्या हातून व्हावी तशी. त्यांनी आकडा झाकला, खूण झाकली, तारीख झाकली. उत्तर झाकायचं राहून गेलं. 'उगम एकच' हे एवढंसं वाक्य दोन्ही खात्यांनी वाचलं, आणि दोन्ही खात्यांना आपापला खबऱ्या माहीत होता. त्या बोटीची बातमी आपल्याकडे कुणी दिली हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मग उरलं काय? समुद्रवाल्यांना कळलं की आपला माणूस तिकडेही जातो. हद्दवाल्यांना कळलं की आपला माणूस तिकडचाही आहे. नाव कुणी घेतलं नाही, आणि कळायचं ते सगळ्यांना कळलं.

सतरा दोन्हीकडे का लिहायचा, याचं उत्तर साहेबांना पुढे वरच्यांच्या बोलण्यातून मिळालं. त्याला चौकशीला बोलावलं तेव्हा तो म्हणाला होता, एका खात्याने सोडलं तर दुसरं तरी सांभाळेल. दोन्ही खात्यांनी एकाच आठवड्यात सोडलं. त्याच्या राखणीला ठेवलेली माणसं बंदरावरून उठली. सतरा मात्र तिथेच राहत होता, ज्यांच्या बोटी तो मोजायचा त्यांच्या शेजारी.

बाईंच्या वहीत सतराच्या रकान्यात 'गप्प' असं पडू लागलं. पहिला आठवडा, दुसरा. चोविसाव्या दिवशी बाई सकाळपासून दाराकडे कान लावून बसल्या. टपालाची पेटी आली, त्यात बाकीच्यांचे कागद होते. चाळिसाव्या दिवशी साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, सतराचा रकाना बंद करा."

"काही कळलं का?"

"बंद करा एवढंच कळवलंय."

बाईंनी पट्टी घेऊन रेघ मारली. रेघ सरळ आली. अकराला चहा आला आणि दोघांनीही घेतला नाही. मग काचेच्या वरून पलीकडच्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"मागच्या हिवाळ्यात त्याची आई गेली होती. त्याने खाली लिहिलं होतं. मी कापलं."

एकोणीस वर्षांचा नियम मोडला होता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं नाही. "मीही कापलं," त्या म्हणाल्या.

"दोघांनाही लिहिलं त्याने."

"हो. आणि दोघांपैकी एकाचंही उत्तर गेलं नाही त्याला."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण पलीकडचे उठले नाहीत. बाई पुढचा कागद ओढून कामाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी चार कागद साफ केले आणि चारही साहेबांनी परत पाठवले, कारण प्रत्येकात काही ना काही कापायचं राहिलं होतं.

सहाला त्या घरी आल्या. नवरा दाराशी बसून कुणाच्यातरी कवळीचा साचा घासत होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढताच त्याच्या शेजारी बसल्या.

"माझ्या ओळखीतला एक माणूस गेला बहुतेक," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने हातातलं काम थांबवलं. एकोणीस वर्षांत तिकडची म्हणून ही पहिली गोष्ट त्याच्या कानावर पडत होती. चेष्टा त्याच्या ओठावर आली नाही. "कोण?"

"नाव माहीत नाही."

"किती वर्षांची ओळख?"

"अकरा. चौदा माणसं वाचवायला गेले मी, आणि त्याला विसरले."

त्याला यातलं काही समजलं नसणार. त्याने साचा बाजूला ठेवला, हात पुसले आणि ती रडते आहे हे पाहून थोडा जवळ सरकला.

"मग आपल्याला त्यांच्या घरी भेटायला जायला हवं," तो म्हणाला. "उद्या सुट्टी घे. मी येतो बरोबर. कुठे राहायचे?"

"तेच काढून टाकायचं माझं काम होतं," बाई म्हणाल्या.